मॉरिस मायनर : पुढील निलंबनातील दोषनिदान

मोटारगाडीची पुढील चाके ज्या स्प्रिंगा, भुजा, सांधे व धक्काशोषक यांच्या साहाय्याने सांगाड्याला जोडलेली असतात, त्या योजनेस पुढील निलंबन म्हणतात. चाकाला वरखाली हलू देणे, सुकाणूनुसार वळू देणे आणि इतर कोणत्याही दिशेने हलू न देणे ही तिची कामे होत. दीर्घ वापराने सांधे झिजले, रबरी बुश कुजले अथवा बोल्ट सैल झाले म्हणजे चाकाला नको त्या दिशेने मोकळीक मिळते. या मोकळिकीला ढिलेपणा म्हणतात. तिच्यामुळे भाग एकमेकांवर आदळून खडखडाट होतो. ढिलेपणा व खडखडाट बहुधा बरोबरच येतात. परंतु जो सांधा अधिक वाजतो तोच अधिक धोक्याचा, ही सर्वसाधारण समजूत बरोबर नाही. मॉरिस मायनर या जुन्या ब्रिटिश गाडीत तर सर्वांत धोक्याची झीज पुष्कळदा मुळीच वाजत नाही. त्यामुळे तिच्या निदानाची पद्धत स्वतंत्रपणे समजून घ्यावी लागते.

ॲलेक इसिगोनिस (१९०६–८८) यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली ही गाडी १९४८ मध्ये लंडन येथील मोटारगाड्यांच्या प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आली. ऑक्सफर्डजवळील काउली येथे मुख्यत्वे तिचे उत्पादन होई. १९७१ च्या सुमारास ते थांबेपर्यंत सोळा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. हौशी मालकांनी जतन केलेल्या मायनर गाड्या आजही वापरात आहेत. तिची पहिली आवृत्ती भारतात उत्तरपाडा (प. बंगाल) येथील हिंदुस्थान मोटर्स या कंपनीने ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने विकली होती.

रचना : मायनरच्या पुढील प्रत्येक चाकासाठी मळसूत्री स्प्रिंगेऐवजी टॉर्शन बार नावाचा एक लांब पोलादी दांडा असतो. तो गाडीच्या लांबीला समांतर बसविलेला असून त्याचे मागील टोक सांगाड्याच्या आडव्या तुळईत पक्के केलेले असते, तर पुढील टोक खालच्या भुजेच्या आतील बाजूस बसते. चाक वर गेले की भुजा दांड्याला पीळ देते व त्या पिळाचा विरोध हेच स्प्रिंगेचे कार्य होय. भुजेचे आतील टोक आयबोल्ट नावाच्या बोल्टाच्या कड्यात रबरी बुशांवर फिरते. ब्रेक दाबल्यावर भुजा मागे ओढली जाऊ नये म्हणून तिच्यापासून पुढे सांगाड्यापर्यंत एक बंधनदांडी जाते. तिच्या टोकाशीही रबरी गाद्या असतात. वरच्या बाजूला मात्र स्वतंत्र भुजा नाही. तरफेच्या प्रकारच्या द्रवीय धक्काशोषकाची तरफच वरच्या भुजेचे काम करते. ही काटकसरीची युक्ती खरी, पण तिच्यामुळे धक्काशोषकाच्या आसाची झीज ही निलंबनाची झीज ठरते.

चाकाचा तुंबा वाहणारी उभी खीळ, म्हणजे किंगपिन, वरच्या व खालच्या भुजांना ट्रनिअन नावाच्या तुकड्यांनी जोडलेली असते. किंगपिनच्या दोन्ही टोकांना आटे पाडलेले असून ती ट्रनिअनमध्ये स्क्रूसारखी बसते. सुकाणू फिरविले की ती ट्रनिअनमध्ये किंचित वरखाली सरकते. गाडीच्या एका बाजूचे आटे उजवे व दुसऱ्या बाजूचे डावे असल्याने दोन्ही बाजूंचे भाग परस्परांच्या जागी चालत नाहीत.

धोक्याचा सांधा : टॉर्शन बार खालच्या भुजेला सतत खाली रेटत असतो. गाडीच्या त्या कोपऱ्याचा भार या भुजेतून खालच्या ट्रनिअनवर, ट्रनिअनच्या आट्यांतून किंगपिनवर व तेथून चाकावर उतरतो. म्हणजे हा सर्व भार आट्यांच्या एकाच कडेवर असतो. वंगण अपुरे पडले, पाणी व धूळ आत शिरली, की याच कडा झिजून पातळ होत जातात. भार कायम एका दिशेने असल्यामुळे झिजलेले आटेसुद्धा एकमेकांना घट्ट टेकून राहतात. त्यांना आदळण्यास जागा मिळत नाही व ते वाजतही नाहीत. अखेरीस उरलेले आटे तुटतात, ट्रनिअन किंगपिनच्या टोकावरून निसटतो, चाक कोलमडते आणि गाडीचा तो कोपरा जमिनीकडे बसतो. असे बहुधा गाडी हळू असताना व सुकाणू पूर्ण वळविलेले असताना, म्हणजे गाडी उभी करताना वा वळविताना, घडते. वेगात घडल्यास परिणाम गंभीर होतात.

निदान : तपासणीतील मुख्य मुद्दा गाडी कोठून उचलावी हा आहे. जॅक सांगाड्याखाली लावून चाक लोंबते ठेवले, तर टॉर्शन बारचा रेटा भुजेवर तसाच राहतो. आटे पूर्वीप्रमाणेच एका कडेला दाबलेले राहतात आणि पार झिजलेला सांधाही निर्दोष भासतो. त्यासाठी जॅक खालच्या भुजेखाली, शक्य तितका चाकाजवळ लावून चाक जमिनीपासून थोडे उचलावे. आता टॉर्शन बारचा भार जॅक घेतो व आटे मोकळे होतात. टायरखाली पहार घालून चाक हलकेच वर उचलले आणि खाली सोडले असता किंगपिन ट्रनिअनमध्ये वरखाली हलताना दिसते. ही हालचाल डोळ्याने पाहण्याबरोबरच सांध्यावर बोट ठेवून अनुभवावी. चांगल्या सांध्यात ती जेमतेम जाणवते. उघड ठक्‌ असा आवाज आला, तर भाग बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये. अर्थात मागील चाकांना अटकाव व सांगाड्याखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय गाडीखाली हात घालू नये.

यानंतर चाकाची वरची व खालची कड धरून ते आतबाहेर हलवावे. येथे आढळणारी मोकळीक धारव्यांतील असेल किंवा किंगपिनच्या सांध्यांतील. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरल्यावर ती नाहीशी झाली तर दोष धारव्यांचा समजावा, कारण ब्रेकमुळे पिंप व मागील तबकडी एकजीव होतात. ती तशीच राहिली तर दोष सांध्यांचा वा धक्काशोषकाच्या आसाचा असतो. मायनरच्या पुढील तुंब्यात गोळ्यांचे धारवे असून त्यांचे नट पूर्ण आवळलेले असतात. नट कमीजास्त करून मोकळीक काढण्याची सोय तेथे नसल्याने झिजलेले धारवे बदलावेच लागतात. चाकाच्या डाव्या-उजव्या कडा धरून हलविल्यास सुकाणूच्या जोडदांड्यांची टोके व दंतपट्टीच्या आतील गोलसांधे तपासले जातात. दंतपट्टीची पेटी तिच्या पकडीत सैल झाली असेल, तर तोच दोष सांध्यांचा वाटून नवे सांधे विनाकारण बसविले जातात.

आवाजांचे मूळ बहुधा अन्यत्र असते. लहान खाचखळग्यांवर पोकळ ठोका ऐकू आला, तर धक्काशोषकात द्रव कमी होऊन हवा शिरली असण्याचा संभव असतो. पंखा खाली दाबून सोडल्यावर गाडी लगेच स्थिर न होता पुन्हा पुन्हा उसळत राहिली, की ही शंका पक्की होते. ब्रेक दाबताक्षणी एकच धप्प असा आवाज आणि गाडी एका बाजूस ओढली जाणे, ही बंधनदांडीच्या किंवा आयबोल्टच्या रबरांची लक्षणे होत. एंजिनाचे गळते तेल आयबोल्टच्या बुशांवर पडून रबर फुगते व मऊ पडते. तेव्हा केवळ बुश बदलून भागत नाही, गळतीही थांबवावी लागते. गाडी तसूतसू पुढेमागे नेत एकाने ब्रेक दाबावा व दुसऱ्याने बाजूने पाहावे, म्हणजे कोणता भाग सरकतो ते कळते. सांगाडा गंजला असेल, तर नव्या रबरांनीही ठोका जात नाही, कारण तेथे बंधनदांडीचा आधारच हलत असतो. याखेरीज सैल नंबरपट्टी, निकामी झालेले एंजिनाचे रबरी आधार किंवा सामानाच्या कप्प्यात सुटा पडलेला जॅक यांनी निलंबनाचा खडखडाट केल्याचा आभास पुष्कळ कारागिरांना झालेला आहे.

ट्रनिअनच्या झिजेची एक आगाऊ खूण म्हणजे सुकाणू जड होणे व वळविताना कुरकुरणे. कोरडे आटे पिळताना तसे होते. वंगण घालताना ग्रीझ आत न जाता तोंडाशीच परत येऊ लागले, तर निपल बुजले आहे असे समजावे. असे निपल म्हणजे वंगण न घालण्यासारखेच, किंबहुना त्याहून वाईट, कारण मालकाची समजूत वंगण गेल्याची असते. ग्रीझ चाकावरील भार काढून, सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवीत भरावे. अन्यथा दाबलेल्या कडेपर्यंत, म्हणजे जेथे त्याची गरज आहे तेथे, ते पोहोचत नाही. वर्षातून थोडीच चालणारी गाडी किलोमीटरच्या हिशोबाने वंगणास पात्र ठरत नाही, तरी उभ्या गाडीतही पाणी आट्यांत शिरतेच. तिच्यासाठी महिन्यांचा हिशोब धरणे योग्य.

ब्रिटनमध्ये १९६० पासून जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. परंतु मे २०१८ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या व मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना तिच्यातून सूट मिळाली. त्यामुळे हा निःशब्द दोष शोधण्याची जबाबदारी आता बव्हंशी मालकावर आली आहे.

स्प्रिंग खालच्या भुजेवर असलेल्या इतर गाड्यांतही गोलसांध्यांची तपासणी वरीलप्रमाणे भुजा उचलूनच करतात. मॉरिस ऑक्सफर्डवरून तयार झालेल्या व २०१४ पर्यंत उत्पादनात असलेल्या अँबॅसडर गाडीच्या मूळ रचनेत पुढे टॉर्शन बारच होते. ज्या गाड्यांत स्प्रिंग वरच्या भुजेवर टेकते, त्यांत मात्र उलट करावे लागते : वरच्या भुजेखाली लाकडी पाचर बसवून मग सांगाडा उचलतात, म्हणजे भार वाहणारा वरचा सांधा मोकळा होतो.