एका वर्षाचा ताळेबंद

अमेरिकेच्या आयोवा राज्यात सीडर फॉल्स नावाचे एक लहान शहर आहे. १९९४ साली तेथील ‘हाय-व्ही’ या किराणा भांडारात रात्रपाळीला एक तेवीस वर्षांचा, सहा फुटांहून उंच तरुण फळ्यांवर माल लावीत असे. मजुरी तासाला साडेपाच डॉलर. आपण व्यावसायिक फुटबॉलपटू होणार, असे तो सोबतच्या कामगारांना सांगे. सहा वर्षांच्या आत तो त्या खेळातील सर्वोच्च सामन्याचा मानकरी ठरला. त्याचे नाव कर्ट वॉर्नर. मात्र त्याची कथा केवळ चढणीची नाही. ती चढते, कोसळते आणि पुन्हा चढते. म्हणूनच ती व्यापारी कुटुंबांनी वाचण्याजोगी आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा जणांच्या संघाला चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यावा लागतो. ते साधले, तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. या डावाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू हाती येताच प्रतिस्पर्धी त्याच्यावर तुटून पडतात आणि दोन-तीन सेकंदांत कोणाकडे फेकायचे, हे त्याला ठरवावे लागते. पेढीवरच्या मुख्य माणसासारखीच त्याची स्थिती असते. यश पुष्कळांचे असते. अपयश मात्र त्याच्या खाती लिहिले जाते.

महाविद्यालयात वॉर्नर शेवटचे वर्ष येईपर्यंत राखीवच राहिला. १९९४ च्या वार्षिक खेळाडू निवडीत एकाही संघाने त्याचे नाव घेतले नाही. ग्रीन बे पॅकर्स संघाने सराव शिबिरात बोलावले आणि हंगामापूर्वीच निरोप दिला. त्या शिबिरात मैदानात उतरण्याची सूचना झाली असता, डावपेच पुरते आत्मसात झाले नाहीत म्हणून आपण नकार दिला होता, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. त्यानंतर ते किराणा भांडार.

१९९५ पासून तीन वर्षे तो ‘आयोवा बार्नस्टॉर्मर्स’कडून बंदिस्त सभागृहातील अरीना फुटबॉल खेळला. तेथील मैदान मूळ मैदानाच्या निम्म्या लांबीचे आणि अरुंद असते. तेथे विचाराला वेळच मिळत नाही. नजर आणि हात एकाच वेळी चालावे लागतात. दुय्यम मानल्या गेलेल्या या खेळातच त्याची चटकन चेंडू सोडण्याची सवय पक्की झाली. जी वर्षे वाया गेली असे भोवतालच्यांना वाटत होते, त्याच वर्षांत त्याचे भांडवल उभे राहत होते.

१९९८ मध्ये युरोपातील ॲम्स्टरडॅम संघाकडून खेळून तो सेंट लुईस रॅम्समध्ये तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक झाला. पुढल्या वर्षी क्लीव्हलँडच्या नव्या संघासाठी इतर संघांनी सोडता येतील अशा खेळाडूंची यादी दिली. रॅम्सच्या यादीत वॉर्नर होता. तरीही क्लीव्हलँडने त्याला घेतले नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाला मुकला आणि संघाची धुरा वॉर्नरकडे आली. आदल्या वर्षी सोळांपैकी चारच सामने जिंकलेल्या या संघाने त्या वर्षी तेरा जिंकले. वॉर्नरने ४,३५३ यार्ड आणि ४१ टचडाउन अशी कामगिरी केली. ३० जानेवारी २००० रोजीच्या सुपर बोलमध्ये टेनेसीविरुद्ध १६-१६ अशी बरोबरी असताना, दोनेक मिनिटे उरलेली, त्याने आयझॅक ब्रूसकडे चेंडू फेकला आणि ७३ यार्डांचे टचडाउन झाले. रॅम्स २३-१६ ने जिंकले.

२००१ मध्ये तो दुसऱ्यांदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. परंतु त्या हंगामाचा अंतिम सामना न्यू इंग्लंडने शेवटच्या क्षणी २०-१७ असा जिंकला. तेथून घसरण सुरू झाली. २००२ मध्ये बोट मोडले आणि मुख्य क्वार्टरबॅक म्हणून खेळलेले सहाही सामने हरले. २००३ च्या पहिल्याच सामन्यात त्याच्या हातून सहा वेळा चेंडू निसटला आणि त्याची जागा दुसऱ्याला मिळाली. २००४ मध्ये रॅम्सने त्याला मुक्त केले. न्यूयॉर्क जायंट्समध्ये नऊपैकी पाच सामने जिंकूनही नवागत इलाय मॅनिंगसाठी त्याला बाजूला व्हावे लागले. ॲरिझोना कार्डिनल्समध्येही २००६ साली मॅट लाइनार्ट हा तरुण आला आणि वॉर्नर पुन्हा राखीव झाला.

येथे माझ्या नोकरीतील एक गोष्ट आठवते. एका तरुण व्यापाऱ्याच्या कर्जाच्या नूतनीकरणाचे प्रकरण माझ्या टेबलावर आले होते. त्या वर्षी त्याला मोठा तोटा झाला होता. नियमाप्रमाणे तो आकडा पाहून मी प्रतिकूल शेरा लिहिला. त्याच्या मालाची प्रत, देणेकऱ्यांशी त्याचा व्यवहार, दुकान उघडण्याची वेळ, यांपैकी काहीही ताळेबंदात नव्हते आणि मी विचारलेही नाही. पुढे त्याने दुसरीकडून भांडवल उभे करून पेढी सावरली. माझा शेरा नियमाला धरून होता. तरी तो आजही मला बोचतो.

वॉर्नरच्या बाबतीत नेमके तेच घडत होते. जुनी कर्तबगारी कोणी मोजत नव्हते. त्याने मात्र दोष नाकारला नाही. हाताची पकड कमी पडते, हे ओळखून तो दोन्ही हातांत मोजे घालून खेळू लागला. २००७ मध्ये लाइनार्टला दुखापत झाली, तेव्हा तो तयार होता. २००८ च्या हंगामात सदतिसाव्या वर्षी त्याने कार्डिनल्सला त्यांच्या पहिल्या सुपर बोलपर्यंत नेले. शेवटच्या मिनिटात पिट्सबर्गने तो सामना २७-२३ असा हिरावला. जानेवारी २०१० मध्ये त्याने निवृत्ती स्वीकारली आणि २०१७ साली ओहायोतील कँटन येथील फुटबॉलच्या सन्मानदालनात त्याचा समावेश झाला.

यात दैवाचा वाटा नाकारता येणार नाही. दोन्ही संधी त्याला दुसऱ्याच्या दुखापतीतून मिळाल्या, आणि फळ्यांवर माल लावणारा प्रत्येक जण विजेता होत नाही. पण संधी आली तेव्हा त्याची तयारी पूर्ण होती, हा भाग त्याच्या हातचा होता. १९९४ मध्ये मैदानात उतरण्यास कचरलेला तरुण तो राहिला नव्हता.

आपल्या घरातही एखाद्या मुलाचे वर्ष वाईट जाते. सौदा चुकतो, उधारी बुडते, नवी शाखा बंद करावी लागते. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी हिशेब जरूर मागावा. तोटा तोटाच असतो. मात्र त्या एका वर्षाच्या आकड्यावरून माणसाचे खाते बंद करू नये. तो पहाटे दुकान उघडतो का, चूक कबूल करतो का आणि दुरुस्त करतो का, एवढे पाहावे. ते मी पाहिले नाही. आपण पाहावे, ही विनंती.