जुनी ‘फोर-व्हील’ घेताना

“दोन लाख किलोमीटर फिरलेली जीप घ्यावी का हो?” आंब्याचा हंगाम संपून पैसे हाती आले की रत्नागिरीतल्या आमच्या गॅरेजात हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा बागायतदार असतो, नाहीतर डोंगरातल्या वाडीवर घर असलेला एखादा नोकरदार. पावसाळ्यात लाल मातीच्या चढावर साधी गाडी जागच्या जागी चाके फिरवत बसते. रात्री-अपरात्री आजारी माणसाला खाली डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे, तर चारही चाकांना जोर असलेली गाडी लागते. नवी परवडत नाही, म्हणून नजर जुन्या जिप्सीकडे, महिंद्राच्या जीपकडे किंवा थारकडे वळते.

माझे उत्तर ठरलेले आहे. गाडी किती फिरली हे जरूर विचारा, पण कुठे फिरली आणि ती कोणी कशी सांभाळली, हे त्याआधी पाहा. वेळेवर तेल बदललेले चांगले डिझेल इंजिन दोन लाखांनंतरही काम देते. उलट साठ-सत्तर हजारच फिरलेली, पण दर पावसाळ्यात ओढ्यातून आणि समुद्राच्या वाळूतून हाकलेली गाडी आतून संपलेली असू शकते. शिवाय मीटरवरचा आकडा मागे नेता येतो. पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंग घासलेले, चालकाची सीट खचलेली आणि मीटर मात्र सत्तर हजारांवर, असे दिसले तर सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्या मागा.

पहिली गोष्ट म्हणजे, गाडी खरोखर फोर-व्हील ड्राइव्ह आहे ना, याची खात्री करा. हे हास्यास्पद वाटेल, पण बोलेरो आणि स्कॉर्पिओ या गाड्यांपैकी बहुसंख्य फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मागे चिकटवलेल्या अक्षरांवर विसंबू नका. आत दुसरा गिअर लिव्हर किंवा बटण आहे का आणि खालून पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट दिसतो का, ते पाहा.

मग गाडीखाली शिरा, पण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही नाही. पिट किंवा रॅम्प असेल तिथेच गाडी न्या. या गाड्यांचा कणा म्हणजे चासी. इंजिन नवे बसवता येते, पण कुजलेली चासी म्हणजे गाडीच गेली. पाट्यांचे जोड, बॉडी चासीवर बसते त्या जागा आणि चिखल साठतो ते कोपरे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. निकोप लोखंड खणखणीत वाजते, गंजलेले बद्द वाजते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेतल्या गाडीला ही तपासणी दुप्पट लक्ष देऊन करा.

एका बागायतदाराने मोसमाची सगळी कमाई घालून घेतलेली जीप आमच्याकडे आणली होती. खालून ताजा काळा रंग चकचकत होता. मागच्या पाट्याच्या जोडाजवळ रंग खरवडला, तर आत वेल्डिंगचे ठिगळ आणि त्याखाली पापुद्रे सुटलेला पत्रा. हा जोड भरल्या गाडीनिशी घाटात तुटला असता तर काय झाले असते, हे सांगायला नको. म्हणून विकायच्या आधी खालून नुकताच रंग दिलेली गाडी दिसली, की रंग कशावर दिलाय ते पाहिल्याशिवाय पुढे बोलू नका.

इंजिन थंड असतानाच पाहायचे. तुम्ही पोहोचायच्या आधीच मालकाने गाडी गरम करून ठेवली असेल, तर पुन्हा सकाळी जा. सुरू केल्यावर सायलेन्सरकडे बघा. सतत निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. दाट काळा धूर हवेच्या फिल्टरचा किंवा इंजेक्टरचा दोष दाखवतो. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर इंजिनातल्या ज्वलनकक्षात पाणी शिरत असण्याची शक्यता असते. तेलाच्या झाकणाखाली दुधी साय दिसली, तर तेलात पाणी गेल्याचा संशय धरा. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नका.

आता ज्यासाठी ही गाडी घ्यायची, ती फोर-व्हील यंत्रणा. जिप्सी, जीप, जुनी थार यांच्यात फोर-व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांशी जखडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाके थोडी घसरतात आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसल्याने सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. म्हणून ही चाचणी कच्च्या रस्त्यावरच घ्या. पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायचे हब असतील, तर ते आधी ‘लॉक’ करा. फोर-हाय आणि फोर-लो दोन्ही टाकून चढावर न्या. सोबतच्या माणसाला बाजूला, सुरक्षित अंतरावर उभे करून पुढची चाके ओढताहेत का ते पाहायला सांगा. चढावर गिअर आपोआप निसटत असेल तर ट्रान्स्फर केसचा खर्च आलाच. वळताना पुढच्या चाकाकडून ‘कट्-कट्’ आवाज, वेग घेताना खालून घुंई आणि क्लच सोडताच ‘ठक्’ हे तिन्ही आवाज खर्चाचे आहेत. डिफरन्शियलचे तेलही काढून पाहा. ते दुधी असेल तर पाणी शिरलेले आहे. त्यात चंदेरी कण चमकत असतील तर गिअर झिजताहेत. चारही टायर एकाच मापाचे हवेत, नाहीतर वर सांगितलेला ताण सरळ रस्त्यावरही येतो.

शेवटी कागद. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती ५-५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. चासी आणि इंजिनवरचे नंबर आर.सी.शी स्वतः ताडून पाहा. जुन्या जीपमध्ये दुसरेच इंजिन बसवलेले पुष्कळदा आढळते. त्याची नोंद आर.सी.वर नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली अडचण येते. बँकेचा बोजा उतरला आहे का, तेही पाहा. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्या चालवण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली मनाई केल्यानंतर तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. अशी गाडी घेताना तिथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत प्रमाणपत्र हवे आणि इथला रोड टॅक्सही हिशेबात धरा.

एवढे सगळे पाहूनही जुनी गाडी खर्च काढतेच. म्हणून हाती असलेल्या रकमेचा निदान पाचवा हिस्सा टायर, क्लच आणि ब्रेकसाठी बाजूला ठेवून मगच भाव बोला. सोबत तुमच्या ओळखीचा मिस्त्री न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याची दिवसाची मजुरी द्या, म्हणजे सौदा मोडला तरी त्याचे नुकसान नाही आणि तो खरे तेच सांगेल. मालक पिटवर न्यायला किंवा कच्च्या रस्त्यावर चालवू द्यायला तयार नसेल, तर नमस्कार करून परत या. पावसाळ्याला अवकाश असतो, गाड्याही दुसऱ्या मिळतात.