सर्पभक्ष्य, बंदिवासातील

सर्पभक्ष्य, बंदिवासातील : प्राणिसंग्रहालयांत अथवा घरी पाळलेल्या सापांना देण्यात येणारे अन्न. सर्व साप मांसाहारी असून भक्ष्य न चावता सबंध गिळतात. दूध हे त्यांचे अन्न नव्हे. यूरोप व अमेरिकेत घरोघरी पाळले जाणारे बॉल अजगर (पायथॉन रीजियस ), कॉर्न साप (पँथेरोफिस गट्टाटस ) व बोआ यांना मुख्यतः पैदास केलेले उंदीर व घुशींएवढे पांढरे मोठे उंदीर देतात. हे भक्ष्य जिवंत द्यावे की मारून व गोठवून ठेवलेले द्यावे, हा साप पाळणाऱ्यांपुढील महत्त्वाचा प्रश्न होय.

जिवंत भक्ष्य : जिवंत भक्ष्य देणे अधिक नैसर्गिक आहे, असे त्याचे समर्थक मानतात. तथापि निसर्गात साप शिकारीची जागा व वेळ स्वतः निवडतो आणि भक्ष्य प्रतिकार करू लागल्यास दूर जाऊ शकतो. पिंजऱ्यात सापाला व उंदराला अशा दोघांनाही निसटण्यास वाव नसतो. कात टाकण्याच्या सुमारास, विणीच्या काळात किंवा पुरेशी ऊब नसल्यास साप भक्ष्याकडे दुर्लक्ष करतो व बहुधा प्रतिकारही करीत नाही. अशा वेळी रात्रभर पिंजऱ्यात राहिलेला भुकेला उंदीर सापाची पाठ, शेपटी वा डोळे कुरतडतो. जखमा स्नायूंपर्यंत व कधी हाडांपर्यंत पोहोचतात, त्यांत जंतुसंसर्ग होतो व साप दगावूही शकतो. भक्ष्य प्राण्याच्या यातनांचा विचारही येथे गौण मानता येत नाही. बोआच्या विळख्यात भक्ष्याचे रुधिराभिसरण काही सेकंदांतच कोलमडते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दिसून आले आहे. परंतु विळखा पडण्यापूर्वी बंद जागेत घालवलेला काळ भक्ष्याला भयप्रदच असतो.

भक्ष्याची ओळख : साप जिभेने गंधकण टिपून ते टाळूतील जेकबसन अंगाकडे पोहोचवितो. अजगर व अनेक बोआ यांच्या ओठांवरील खाचांना भक्ष्याच्या शरीरातून निघणारे अवरक्त प्रारण जाणवते. यांखेरीज हालचालही उपयोगी पडते. गंध, ऊब व हालचाल या तिन्ही खुणा मृत भक्ष्यालाही देता येतात. शिवाय अनेक जातींचे साप निसर्गातही मेलेले प्राणी खाताना आढळले आहेत. त्यामुळे मृत भक्ष्य सापाच्या स्वभावाविरुद्ध आहे, असे म्हणता येत नाही.

गोठविलेले भक्ष्य : असे भक्ष्य सु. –१८° से. तापमानास साठवितात. देण्यापूर्वी ते शीतकपाटाच्या न गोठविणाऱ्या कप्प्यात सावकाश मऊ होऊ देतात व नंतर पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवून सु. ३८°–४०° से. पर्यंत ऊबदार करतात. आतील भाग गोठलेला राहिल्यास पचन बिघडते. मायक्रोवेव्ह भट्टीत ते विषम तापते व फुटण्याचा संभव असतो. ऊबदार भक्ष्य लांब चिमट्याने धरून किंचित हालविल्यास साप त्यावर झडप घालतो. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. न खाल्लेले भक्ष्य पुन्हा गोठवीत नाहीत.

मर्यादा : गोठविल्याने अनेक परजीवी मरतात, परंतु साल्मोनेला जंतू टिकून राहतात. ब्रिटनमध्ये २०१५ पासून आढळलेल्या माणसांतील साल्मोनेला संसर्गाच्या एका मोठ्या साथीचा संबंध सापांसाठी आयात केलेल्या गोठविलेल्या उंदरांशी असल्याचे दिसून आले. म्हणून हे भक्ष्य घरातील अन्नापासून वेगळे ठेवणे, त्याची भांडी स्वतंत्र असणे, हात साबणाने धुणे व लहान मुलांना त्यापासून दूर ठेवणे आवश्यक असते. दीर्घकाळ साठविलेल्या भक्ष्यातील ई जीवनसत्त्व घटते. मासे खाणाऱ्या सापांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते : काही माशांतील थायामिनेज हे एंझाइम ब१ जीवनसत्त्वाचा नाश करते व गोठविल्याने ते निष्क्रिय होत नाही.

अपवाद : नुकतीच अंड्यातून बाहेर पडलेली पिले व रानातून पकडलेले साप कधीकधी मृत भक्ष्य नाकारतात. निरोगी प्रौढ साप अनेक आठवडे उपाशी राहू शकतो. त्यामुळे एकदा नकार मिळाला म्हणून लगेच जिवंत भक्ष्य देण्याचे कारण नसते. प्रथम पिंजऱ्याचे तापमान, लपण्याची जागा व भक्ष्याची ऊब तपासतात. त्यानंतर ताजे मारलेले व पुढे गोठविलेले भक्ष्य देऊन सापाला सवय लावतात. जिवंत भक्ष्य देणे अटळच ठरल्यास डोळे न उघडलेली, दुखापत करू न शकणारी उंदराची पिले निवडतात व साप भक्ष्य गिळेपर्यंत लक्ष ठेवतात.

भारतातील स्थिती : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली नाग, घोणस, धामण, भारतीय अजगर इ. सापांना संरक्षण असून ते घरी पाळणे हा गुन्हा आहे. बॉल अजगरासारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी जाती बाळगणाऱ्यांवर २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीचे बंधन घातले आहे. त्यामुळे येथे हा प्रश्न मुख्यतः प्राणिसंग्रहालये, सर्पोद्याने व जखमी सापांची शुश्रूषा करणारी केंद्रे यांच्यापुढे येतो. तेथेही बहुतेक कृंतकभक्षक सापांसाठी योग्य रीतीने साठविलेले व ऊबदार केलेले मृत भक्ष्य साप, भक्ष्य व त्यांना हाताळणारा माणूस या तिघांच्या दृष्टीने अधिक हितावह ठरते.