वय अधिक शंभर

आरमोरीच्या आमच्या घराच्या सपरीत एक हातमाग होता. बाबांनी त्यावर चाळीस वर्षे कोशाचे कापड विणले. आमच्या गावाची बाहेरच्या जगाला ओळख असलीच तर ती या कोशामुळे. ढिवर मंडळी जंगलात ऐनाच्या झाडांवर किडे राखतात, त्यांचे कोष बाजारात येतात, बायका ते उकळून मांडीवर सूत काढतात आणि कोष्ट्यांच्या घरी ते मागावर चढते. लहानपणी आमची सकाळ त्या खटखटीने होत असे. माग थांबला की माय स्वयंपाकघरातून विचारायची, "का झालं?"

२००९ सालच्या पोळ्यानंतर चार दिवसांनी माग असाच थांबला. मायने विचारले, उत्तर आले नाही. ती बाहेर आली तेव्हा धोटा जमिनीवर पडला होता आणि बाबा उजव्या कुशीवर कलंडले होते. तोंड वाकडे, बोलणे जड. शेजाऱ्यांनी पाहताक्षणी निदान केले, "लकवा मारला." ते अचूक होते. पुढचे सगळे मात्र चुकत गेले.

मी तेव्हा नागपुरात नोकरीला होतो. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत, वैनगंगेचा पूल ओलांडून रात्री घरी पोचलो, तोपर्यंत बाबांना जीपमध्ये घालून नदीपलीकडच्या एका गावी नेले होते. तिथे लकव्याचे झाडपाल्याचे औषध मिळते अशी ख्याती. तेलाची मालीश आणि कडक पथ्य. एकाने कबुतराचे रक्त चोळायला सांगितले. मी शिकलेला, वर्तमानपत्र वाचणारा, पण मीही आठ दिवस गप्प राहिलो. कारण हात थोडा हललासा वाटत होता, आणि सगळे गाव एका बाजूला होते.

नवव्या दिवशी शहरातल्या एका रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली, रक्तदाब मोजला. एकशे नव्वद. मग मला विचारले, "वय किती म्हणालात? अडुसष्ट? मग आता वय झालंच की."

हे वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकत नव्हतो. वर्षभर आधी गावात एक तपासणी शिबिर झाले होते. तिथे बाबांचा वरचा रक्तदाब एकशे सत्तर भरला. यंत्र धरून बसलेल्या गृहस्थांनी हिशेब सांगितला : वय अधिक शंभर. सदुसष्ट आणि शंभर, एकशे सदुसष्ट. तीनच जास्त, या वयाला चालायचेच. बाबा खूश होऊन घरी आले. परीक्षेत पास झाल्यासारखे त्यांनी मायला सांगितले, "वयाच्या मानाने बरोबर हाय."

पुढे तीन वर्षे दोन महिने ते त्याच सपरीत बाजेवर होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये गेले. मृत्यूच्या नोंदीत कारण लिहायची वेळ आली तेव्हा विचारणाराने विचारले आणि आमच्या काकांनी सांगितले, "म्हातारपण."

त्याच काळात आमच्याच जिल्ह्यात काही माणसे 'म्हातारपण' या उत्तरावर समाधान मानायला तयार नव्हती, हे मला फार नंतर कळले. गडचिरोलीजवळच्या शोधग्रामात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. तिचे नाव आपण ऐकले ते बालमृत्यूंमुळे. गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाची काळजी घरी घेता येते, हे त्यांनी दाखवले आणि १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले. पण त्या कामाचा पाया होता गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू टिपून ठेवण्याचा. बाळे वाचू लागली, माणसे वयाने वाढू लागली, आणि त्याच वह्यांमध्ये वेगळे मृत्यू दिसू लागले.

अमेरिकेत मेंदूविकारांचे शिक्षण घेऊन आलेले डॉ. योगेश्वर कालकोंडे 'सर्च'मध्ये दाखल झाले होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या ८६ गावांत, ९४,१५४ लोकवस्तीत, एप्रिल २०११ ते मार्च २०१३ अशी दोन वर्षे एकूणएक मृत्यूचे कारण शोधले. १,५९९ माणसे गेली होती. त्यांतली २२९, म्हणजे दर सातांत एक, लकव्याने गेली होती. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतकी माणसे दगावली नव्हती. २०१५ साली 'स्ट्रोक' या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला. मलेरियाचा आणि कुपोषणाचा म्हणून ओळखला जाणारा जिल्हा; आणि तिथल्या खेड्यांत सर्वांत मोठा मारेकरी निघाला तो शहरी, सुखवस्तू लोकांचा समजला जाणारा आजार.

आमचे घर त्या मोजणीत नव्हते. पण त्या निबंधातले आकडे वाचताना मला ते परके वाटले नाहीत. लकव्याने गेलेल्यांचे सरासरी वय ६७ च्या पुढे. शंभरातले ८७ घरीच गेले. निम्म्याला थोडे कमी पहिल्या महिन्याच्या आत. उरलेल्यांनी आमच्या बाबांसारखी बाज धरली असणार.

आता प्रश्न असा, की जिथे डॉक्टर पोचलाच नाही तिथे मरणाचे कारण कळते कसे? शवविच्छेदन तर दूरच. यासाठी जी पद्धत वापरतात तिला तोंडी शवचिकित्सा म्हणता येईल. शिकवून तयार केलेला आरोग्यसेवक मृत्यूनंतर त्या घरी जातो आणि घरच्यांना विचारत बसतो. सुरुवात एकदम झाली की हळूहळू? तोंड वाकडे झाले होते का? एकाच बाजूचा हात-पाय गेला का? गिळता येत होते का? आधी रक्तदाब कुणी मोजला होता का? ही उत्तरे डॉक्टर वाचतात आणि कारण ठरवतात. त्यात चूक होऊ शकते, हे खरे. पण लकवा हा आजार असा, की घरच्यांना त्याची खूण विसरता येत नाही. आमच्या मायला आज कुणी विचारले तर धोटा कुठे पडला होता हेसुद्धा ती सांगेल. गंमत म्हणजे तिला तसे कुणी कधी विचारलेच नाही. काकांना विचारले, आणि त्यांनी एका शब्दात सांगून टाकले.

हा 'वय अधिक शंभर'चा हिशेब त्या शिबिरातल्या गृहस्थांनी स्वतःच्या मनाने काढलेला नव्हता, हे सांगितले पाहिजे. एके काळी जगभरच्या डॉक्टरांना तो तोंडपाठ होता. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात, मग रक्त पुढे ढकलायला दाब वाढणारच. तो निसर्गाचाच बंदोबस्त आहे, त्यात ढवळाढवळ करू नये, असे वैद्यकातले मोठे लोक मानत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब कित्येक वर्षे चढत गेला. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते कोसळले तेव्हा तो तीनशेवर होता. वय ६३. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला तेव्हा मिळत नव्हते असे औषध आज आरमोरीच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, ही गोष्ट मी मायला दोनदा सांगितली. तिच्यावर परिणाम झाला नाही. तो विषय पुढे येईलच.

रूझवेल्टनंतर औषधे आली, पण म्हाताऱ्यांना ती द्यावीत का, हा वाद कितीतरी वर्षे चालला. याचे एक साधे कारण होते. औषधांच्या चाचण्यांत म्हातारी माणसे घेतच नसत. त्यांना चार आजार असतात, ती मध्येच दगावतात, हिशेब बिघडतो. म्हणजे ज्यांना औषधे सर्वांत जास्त लागतात, त्यांच्यावर ती कशी चालतात हेच ठाऊक नाही! अखेर १९९१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. साठीपुढची ४,७३६ माणसे, ज्यांचा फक्त वरचा दाब वाढलेला होता, म्हणजे थेट आमच्या बाबांसारखी. लघवी वाढवणारी एक जुनी, स्वस्त गोळी देऊन सुरुवात केली आणि लकव्याचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. मग काहींनी म्हटले, ठीक आहे, पण ऐंशीच्या पुढे काय? २००८ साली त्याचेही उत्तर आले. ऐंशी ओलांडलेल्या ३,८४५ जणांच्या चाचणीत उपचार घेणाऱ्यांतले मृत्यू २१ टक्क्यांनी कमी भरले. १९९१ आणि २००८. बाबांचा रक्तदाब आमच्या गावात मोजला गेला तोही २००८ मध्येच. सतरा वर्षांपूर्वीच खोटा ठरलेला हिशेब त्यांना सांगितला गेला. यात कुणाची वाईट बुद्धी होती असे मी म्हणत नाही. विद्या शहरातून खेड्यात यायला वेळ लागतो, आणि म्हाताऱ्यांकडे यायला त्याहून जास्त.

लकव्यावर उपचार नाही असे नाही. गुठळीने झालेला लकवा असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आणि त्याआधी डोक्याचा स्कॅन करून आत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. आरमोरीहून नागपूर तीन-साडेतीन तास. गाडी दारात उभी असेल, घरच्यांनी एका मिनिटात ओळखले असेल, तर. पलीकडे धानोऱ्याच्या, एटापल्लीच्या बाजूच्या गावांबद्दल बोलायलाच नको. म्हणून आमच्या जिल्ह्यापुरते खरे औषध हे लकवा होण्याआधीचेच. 'सर्च'नेही पुढे तीच वाट धरली : गावातल्याच आरोग्यसेवकांनी पन्नाशीपुढच्या लोकांचा रक्तदाब घरोघरी मोजायचा आणि फिरत्या दवाखान्यातून गोळ्या चालू ठेवायच्या. आणि खर्रा सोडा म्हणून पाठीस लागायचे. हे शेवटचे काम सर्वांत अवघड. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, पण पन्नीत घोटलेला खर्रा बैठकीत पुढे करायचा नाही, तर माणसाने बोलायचे तरी कसे?

मागे राहते ते बाजेवरचे माणूस. त्याच्याबद्दल निबंध कमी आणि कामे फार. तीन वर्षे मायने बाबांची कूस दर दोन-तीन तासांनी बदलली, पाठीला जखम होऊ दिली नाही. हे तिला कुणी शिकवले नव्हते. रोवण्याच्या दिवसांत ती शेजारच्या पोरीला बाजेजवळ बसवून बांधीत जायची आणि दुपारी चिखलाच्या पायांनी धावत यायची. हात-पाय हलवण्याचा व्यायाम एकदाच, रुग्णालयातून सुटताना, घाईघाईत दाखवला गेला. बाबांची वाचा थोडी परतली, पण उजवा हात गेला तो गेलाच. त्या हाताने चाळीस वर्षे धोटा फेकला होता. शेवटच्या वर्षी त्यांनी खूण करून माग विकायला सांगितला. समोर दिसतो म्हणून.

२०१७-१८ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या सुमारे ७२ हजार लोकांची घरी जाऊन पाहणी केली. नुसते विचारले नाही, रक्तदाब मोजला, हाताची पकड मोजली, चालण्याचा वेग मोजला. भारतात म्हातारपणाची इतकी मोठी मोजदाद आधी झाली नव्हती. पण त्या बाजेशेजारच्या बाईच्या पाठीचे, गुडघ्याचे, झोपेचे काय होते, हे मोजायला अजून पुष्कळ जागा आहे. मायची कंबर त्या तीन वर्षांत गेली.

आता माय पंचाहत्तरीची आहे. तिचा रक्तदाब एकशे अठ्ठ्याहत्तर निघाला तेव्हा मला धस्स झाले, आणि तिने शांतपणे विचारले, "मंग? मले का होते?" झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो. त्यामुळे आमच्या घरातला गेल्या सहा वर्षांचा वाद हा 'गोरी'वरचा वाद आहे.

"डोस्का दुखत नाई, चक्कर येत नाई, मंग गोरी कायले खाऊ?"

या प्रश्नाला उत्तर देणे डॉक्टरांनाही जड जाते. ताप उतरला की औषध थांबवायचे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलो. इथे दुखत नसताना सुरू करायचे आणि बरे वाटत असताना चालू ठेवायचे. २०१७ साली सरकारने रक्तदाब नियंत्रणाची एक मोहीम काढली. महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत आमच्या शेजारचा भंडारा होता. त्या मोहिमेत नवे औषध काही नव्हते. ठरलेल्या दोन-तीन गोळ्या, प्रत्येकाचे एक कार्ड, आणि जो महिनाभर फिरकला नाही त्याला शोधून काढणे, एवढेच. मला हे 'शोधून काढणे' फार आवडले. आमच्याकडे ते काम मी फोनवरून करतो आणि आशाताई प्रत्यक्ष.

आशाताई चलाख आहेत. त्यांनी मायला लकव्याची भीती घातली नाही, रूझवेल्टही सांगितला नाही. एकदा रक्तदाब मोजता मोजता त्या सहज म्हणाल्या, "आजी, तुम्ही पडलात तर कूस बदलायले कोन हाय?" माय बराच वेळ काही बोलली नाही. त्या रात्रीपासून गोळी सुरू झाली.

मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा सवयीने पाकीट काढून मोजले. चार गोळ्या जास्त होत्या. मी पाकीट हातात धरून तिच्याकडे पाहिले.

"रोवणा होता ना, बाबू," ती म्हणाली. "धा रोज पहाटे बांधीत जा लागे. चारदा राह्यली. सहादा खाल्ली, ते नाई मोजत तू."