हडपसरच्या उद्योगांचा अभ्यास : साधनांविषयीचे गैरसमज

हडपसर परिसरातील एखाद्या उद्योगावर प्रकल्प-अहवाल लिहिणाऱ्या वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्यांमध्ये असा समज रूढ आहे की, ज्या कंपनीचे समभाग शेअर बाजारात नोंदलेले नाहीत, तिचे हिशेब बाहेरच्या माणसाला पाहायला मिळतच नाहीत. वस्तुस्थिती तशी नाही. 1966 मध्ये स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट बाजारात नोंदलेली नसली, तरी 2013 च्या कंपनी कायद्यानुसार अशा कंपनीलाही ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र कंपनी निबंधकाकडे, म्हणजे कंपन्यांची नोंदणी व कागदपत्रे सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, दाखल करावे लागते, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर किरकोळ शुल्क भरून ही कागदपत्रे कोणालाही पाहता येतात.

कंपनीच्या पत्रव्यवहारावर छापलेला 21 अक्षरांचा ओळख क्रमांक निरर्थक समजून सोडून दिला जातो, हे अधिकच खेदाचे आहे. त्यातील ‘एल’ किंवा ‘यू’ हे पहिले अक्षर कंपनी बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगते, पुढचे पाच अंक उद्योगाचा प्रकार दर्शवतात, आणि त्यानंतर प्रदेश, नोंदणीचे वर्ष व कंपनीचे स्वरूप येते. शेजारच्या मुंढव्यातील भारत फोर्जच्या क्रमांकात ‘पीएन’ ही पुण्याची खूण आणि 1961 हे वर्ष असे लागोपाठ वाचता येते.

वार्षिक अहवाल म्हणजे निव्वळ जाहिरात, हा समज अर्धाच खरा आहे. हडपसर औद्योगिक वसाहतीतील किर्लोस्कर न्यूमॅटिकसारख्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या अहवालातही दर्शनी पानांपेक्षा लेखापरीक्षित हिशेबांखालच्या टिपा महत्त्वाच्या असतात, कारण संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार आणि संभाव्य दायित्वे, म्हणजे न्यायालयीन दाव्यांसारख्या कारणांनी पुढे अंगावर येऊ शकणारी देणी, तेथेच नमूद करावी लागतात. वृत्तपत्रातील आकडा बहुधा येथूनच उचललेला असतो; म्हणून मूळ टीप वाचल्याशिवाय तो उद्धृत करणे धोक्याचे आहे.

मात्र अधिकृत साधनालाही काळाची मर्यादा असते. महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंद 1 मे 2017 पासूनची असल्याने मगरपट्टा सिटीचे त्याआधी पूर्ण झालेले टप्पे तेथे शोधणे व्यर्थ ठरते, आणि शेतकरी कुटुंबांनी जमिनी एकत्र करून उभारलेल्या त्या वसाहतीच्या अभ्यासकाला सातबाराचे जुने फेरफार व कंपनीची दाखल कागदपत्रे शेजारी ठेवूनच वाचावी लागतात.