पुळणीवरची मासळी आणि उचलीचा फास

कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारी हा मुस्लिम समाजाचा पिढीजात धंदा आहे. रत्नागिरीतील मिरकरवाडा आणि राजिवडा, राजापूर तालुक्यातील साखरी नाटे ही नावे आपल्या वाचकांना नवी नाहीत. परंतु मच्छीमारीचा विषय निघाला की चर्चा होते ती ट्रॉलरची, पर्ससीनची आणि डिझेलच्या परताव्याची. ज्याच्याकडे लाँच नाही, जो दोन कातळांमधल्या लहानशा पुळणीवर पाग आणि गरी घेऊन उभा राहतो, त्याच्या धंद्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

अशा पुळणी कोकणात जागोजागी आहेत. दोन्ही बाजूंनी डोंगराचे कातळ समुद्रात शिरलेले असतात आणि मध्ये शे-दोनशे पावलांची वाळू असते. बाहेरची लाट कातळावर फुटते आणि आत पाणी त्या मानाने शांत राहते. जागा लहान, पण मासळीचे प्रकार अनेक. वाळूच्या तळावर मुडदुशी (मुंबईकडे हिला रेणवी म्हणतात) आणि बोय, कातळाच्या कडेला तांबोशी व गोबरा, कपारीत शेवंड आणि कुर्ल्या, तर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकावर कालवे. कालवे काढण्याचे काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात आणि घरखर्चाचा मोठा भाग त्यावर निघतो. मात्र धंद्याच्या हिशेबात ते कोणी धरत नाही.

मोठ्या रापणीला लांब आणि साफ वाळूचा तळ लागतो. लहान पुळणीवर ती चालत नाही, कारण जाळे कातळाला अडकले की आठवड्याची कमाई दुरुस्तीत जाते. म्हणून येथे पाग, किनाऱ्यालगत लावलेली कांडाळ आणि गरी हीच साधने. भांडवल थोडे, पण जाण मोठी लागते.

ही जाण मुख्यतः पाण्याच्या वेळेची. आपल्या लोकांना यात एक सोय आहे. हिजरी तारीख चंद्रावर चालते आणि भरती-ओहोटीही चंद्रावरच. चांद्र महिन्याच्या साधारण १ ते ३ आणि १५ ते १७ या तारखांना उधाण असते. ८-९ आणि २२-२३ च्या सुमारास भांग. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. रत्नागिरीच्या बाजूला उधाणाची भरती दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते. म्हणजे मोठी ओहोटी फजर आणि मगरिबच्या आसपास पडते. त्या वेळी खालचे खडक उघडे होतात आणि कालवे-कुर्ल्या मिळतात. पाणी वर चढू लागले की कातळाच्या कडेला गरी टाकायची, कारण चढत्या पाण्याबरोबर मासा खाण्यासाठी खडकाजवळ येतो. जुन्या माणसांना हे सांगावे लागत नाही. परंतु आखातातून परत आलेली मुले आता या धंद्यात उतरत आहेत, त्यांनी ते शिकून घ्यावे. शेवाळलेल्या कातळावर पाठ समुद्राकडे करून उभे राहू नये, हेही त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

आता मालाचा प्रश्न. सूरह माइदामध्ये समुद्रातील शिकार हलाल केली आहे. कोकणी मुसलमान शाफई असल्यामुळे शेवंड आणि कालवे यांची खरेदी-विक्री आपल्याकडे निःशंकपणे होते. हनफी गिऱ्हाईक मात्र कुर्ली आणि कालवे घेत नाही, आणि कोळंबीविषयीही त्यांच्या उलेमांत मतभेद आहेत. पुण्या-मुंबईच्या मोहल्ल्यांत माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने हे ध्यानात ठेवले तर पाटी परत येणार नाही. तेथे मासा पाठवावा. कुर्ली आणि शेवंड हॉटेलांकडे.

खरी अडचण याच्या पुढे आहे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बिगरयांत्रिक पारंपरिक मच्छीमाराला ही बंदी नाही, पण खवळलेल्या दर्यात पुळणीवर उभे कोण राहणार? घरात पैसा नसतो. मग व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते. उचलीवर व्याज लावलेले नसते, म्हणून दोन्ही पक्षांना समाधान असते की आपण रिबापासून दूर आहोत. अट एवढीच की पूर्ण हंगामाचा माल त्याच व्यापाऱ्याला द्यायचा, आणि भाव तो सांगेल तो. बाजारात मुडदुशीला काय दर चालला आहे, हे पुळणीवरच्या माणसाला माहीत असूनही उपयोग नसतो.

हा व्यवहार व्याजाचा नाही असे समजणे चुकीचे आहे. कर्ज आणि विक्री एकमेकांना बांधून करण्यास हदीसमध्ये मनाई आहे, ती नेमकी याचसाठी की कर्जाचा नफा भावाच्या आडून वसूल होतो. शिवाय पाण्यातल्या, अजून न पकडलेल्या माशाचा सौदा फुकहांनी गररमध्ये धरला आहे. पाणबुड्याच्या एका बुडीत जे निघेल त्याचा आधीच सौदा करणे, हे त्यांनी दिलेले उदाहरण तर आमच्या शेवंडवाल्यांना जसेच्या तसे लागू पडते.

आगाऊ पैसा द्यायचाच असेल तर सलमचा मार्ग आहे. पूर्ण रक्कम कराराच्या वेळी द्यावी. माशाची जात, प्रत, वजन, देण्याची तारीख आणि जागा ठरवावी. आणि माल अमुक पुळणीचा किंवा अमुक जाळ्याचाच असे बांधू नये. त्या दिवशी स्वतःला मिळाला नाही तर विक्रेत्याने बाजारातून घेऊन द्यावा. यात व्यापाऱ्याला नफा आहे आणि तो उघड आहे. उरलेला माल मच्छीमाराने वाटेल त्याला विकावा. आपल्या भागातील आलिमांकडून तपशील तपासून घ्यावा.

दुसरी गळती बर्फाची. पाग टाकणारा सकाळी पाच-सहा किलो मासळी काढतो आणि उन्हात टोपलीत ठेवतो. दुपारपर्यंत तिचा भाव निम्म्यावर येतो, आणि दोष मात्र व्यापाऱ्याला दिला जातो! आपल्या हवेत मासळीइतकाच बर्फ लागतो; लादी नव्हे, चुरा. वितळलेले पाणी खालून निघून गेले पाहिजे. बांगडा आणि कुपा यांची तर विशेष काळजी घ्यावी, कारण बर्फाविना त्यांत तयार होणारे हिस्टामिन शिजवूनही जात नाही. शेवंड आणि कुर्ली ओल्या गोणपाटात जिवंत न्यावी. एकट्याला पेटी परवडत नसेल तर चार घरांनी मिळून घ्यावी. रापणीत जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्याचा वाटा काढण्याची रीत आपल्याकडे आहेच, तशीच पेटीचीही काढता येईल.

लहान माल विकण्याचा मोह टाळावा. केंद्र सरकारच्या २००३ च्या अधिसूचनेनुसार निर्यातीच्या शेवंडीला जातीप्रमाणे २०० ते ५०० ग्रॅम किमान वजन लागते, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला आहे. अंड्यांची शेवंड पाण्यात परत सोडावी. पर्ससीनवर २०१६ मध्ये निर्बंध आले, प्रकाशझोतातील मासेमारी २०१७ मध्ये बंद झाली, तरी मोठ्यांविरुद्धच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. त्या कराव्यातच, पण आपल्या टोपलीत बोटभर पिल्ले असताना त्यांना वजन येत नाही.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूसाठी ५ लाखांचे विमा संरक्षण आहे आणि त्याचा हप्ता सरकार भरते. कातळावरून पाय घसरून जाणारा माणूसही मच्छीमारच असतो, पण नाव नोंदलेले नसेल तर घरच्यांच्या हाती काही पडत नाही. सोसायटीत नाव आहे की नाही, हे हंगामापूर्वी पाहून घ्यावे.

हंगामाचे सौदे श्रावणाच्या अखेरीस सुरू होतात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आहे, तो येथेही पाळावा. आणि कागदावर भाव, तारीख यांच्याबरोबर वजन कोणाच्या काट्यावर होणार हेही लिहावे. पुळणीवरचे पुष्कळ तंटे काट्यावरूनच होतात.