अळंबीची शाकुती
गोव्यातील शाकुती हा कोंबडी किंवा मटणाचा दाट रस्सा असून, भाजलेले खोबरे, खसखस, धणे, सुकी मिरची, लवंग, दालचिनी आणि बडीशेप यांचे वाटण हा तिचा खरा प्राण आहे. त्यामुळे मांस वगळले तरी पदार्थाची ओळख पुसली जात नाही. मांसातून रश्शाला दोन गोष्टी मिळतात: हाडासांध्यांतील कोलॅजन हे प्रथिन शिजून होणाऱ्या जिलेटिनचा दाटपणा, आणि ग्लुटामेटमुळे जाणवणारी, ‘उमामी’ या नावाने ओळखली जाणारी चव. दुसरी अळंबीत निसर्गतःच असते. पहिलीची उणीव छोले शिजवलेले पिष्टमय पाणी बऱ्याच अंशी भरून काढते. सुक्या छोल्यांत १०० ग्रॅममागे सुमारे १९ ग्रॅम प्रथिने असतात, अळंबीत मात्र फारच थोडी, म्हणून निव्वळ अळंबीची शाकुती पोषणाच्या दृष्टीने अपुरीच ठरते; शिजलेले छोलेही तिच्यात घालावेत.

खरी दक्षता खोबऱ्याबाबत हवी. त्यातील बहुतांश चरबी संपृक्त, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवू शकणारी असल्याने, केवळ मांस काढून रस्सा हलका होत नाही. खोबरे निम्मे घेऊन तेलाविना मंद आचेवर गडद तांबूस भाजावे, कारण सुगंध त्या भाजण्यातूनच येतो. मटणाबरोबर वाटणही दीर्घकाळ शिजते, पण अळंबी काही मिनिटांतच शिजत असल्याने वाटण आधी पूर्ण शिजवून, मगच वेगळी परतून कोरडी केलेली अळंबी त्यात सोडावी. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी रानअळंबी गोव्यात अतिशय प्रिय आहे, परंतु जाणकाराविना ती खुडणे जिवावर बेतू शकते. बाजारातील धिंगरी अळंबीही या रश्शात उत्तम मुरते.